मोजणीच्या आधी माप : संत्र्याच्या मातीतलं प्लास्टिक आणि एआयची नजर

शेंदूरजनाघाटच्या नर्सरीत संत्र्याच्या कलमावर डोळा बांधताना पाहिलं की हाताचं कसब म्हणजे काय ते कळतं. जंभेरीचा किंवा रंगपूर लाइमचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला धारदार चाकूनं छेद द्यायचा. साल अलगद उचलायची आणि चांगल्या मातृवृक्षावरून काढलेला डोळा आत सरकवायचा. मग प्लास्टिकची बोटभर रुंद पट्टी डोळ्याच्या खालून वर घट्ट गुंडाळत न्यायची, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. डोळा लागला की पट्टीचं काम संपतं. ती सोडली किंवा कापली जाते आणि तिथेच वाफ्यात पडते. एका हंगामात अशा किती पट्ट्या पडतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव वरूड तालुक्यात आहे. संत्र्याच्या कलमांसाठी त्याचं नाव दूरवर पोचलेलं आहे. वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला कौतुकानं ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात, आणि त्या कौतुकाचं मूळ अशाच नर्सऱ्यांमध्ये आहे. त्याच पट्ट्यात प्लास्टिकही मुक्कामाला आलं आहे. कलमाची काळी पिशवी, ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, शेडनेट, खताची पोती, फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, फळांनी लदलेल्या फांद्यांना बांबूचा टेका देताना बांधायची दोरी, बाजारात जाणारे क्रेट. संत्रा बगीच्यातून बाहेर पडेपर्यंत त्याचा प्लास्टिकशी संबंध सुटत नाही.

यातली प्रत्येक वस्तू एखाद्या अडचणीवरचा उपाय म्हणून आली आहे, हे आधी सांगायला हवं. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांमध्ये वरूडचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं. बोअर खोल गेल्या, तेव्हा ठिबकनंच बगीचे तगले. ठिबकसाठी राज्यात अल्पभूधारकाला खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. संत्र्याच्या मुळावर आणि बुंध्यावर येणारा फायटोफ्थोरा हा रोग नर्सरीतल्या मातीतूनच बगीच्यात जातो. म्हणून निर्जंतुक माती भरलेल्या पिशवीत रोप वाढवा, वाफ्याची माती पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हात तापवा, असं शास्त्रज्ञ सांगू लागले. शेतकऱ्यानं सरकारचं आणि शास्त्राचं ऐकलं. त्यामुळे या प्लास्टिकचा जाब शेतकऱ्याला एकट्याला विचारता येत नाही. या लेखाचा सगळा आग्रह या एका वाक्यावर उभा आहे.

पुढे या प्लास्टिकचं काय होतं? वऱ्हाडातला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, कागद कडक होतो आणि हात लावला की त्याचा चुरा होतो. वखराच्या पाळीबरोबर तो मातीत जातो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगून मिटते, आणि वरचा चुरा त्या भेगांतून खाली उतरतो. काही कण पहिल्या पावसात नाल्याला लागतात. इथले नाले वर्धेला मिळतात आणि वर्धेवर मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. अमरावती शहर तेच पाणी पितं. पुढे वर्धा वैनगंगेला मिळते, प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला पोचते. सातपुड्याच्या पायथ्याची माती समुद्रापासून वाटते तितकी लांब नाही.

कुठल्याच यादीत नाही

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणाला शास्त्रज्ञ साधारणपणे मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात समुद्रकिनाऱ्यावरच्या अशा कणांबद्दल लिहिलं, तेव्हापासून हा शब्द जगभर रुळला. पहिली पंधराएक वर्षं सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या प्लास्टिकवर अहवाल काढला, तेव्हा मातीचा विषय समोर आला. जगातली शेती आणि पशुपालन मिळून वर्षाला सुमारे १ कोटी २५ लाख टन प्लास्टिक वापरतात, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. पुढच्याच वर्षी ‘टॉक्सिक्स लिंक’ या दिल्लीच्या संस्थेनं मणिपालच्या विद्यापीठाबरोबर कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या मल्चिंग केलेल्या शेतांची माती तपासली. तिच्यात हे कण सापडले.

आपल्या सरकारी तपासण्या मात्र अजून इथवर आलेल्या नाहीत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेवर १२ रकाने असतात. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश आहे, गंधक, जस्त, लोह आहे, सामू आणि सेंद्रिय कर्बही आहे, पण प्लास्टिक नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात मायक्रोप्लास्टिकची मर्यादा नाही. नद्यांच्या पाण्याची नियमित तपासणी होते तिच्यात प्राणवायू, सामू, जिवाणू पाहतात, हे कण पाहत नाहीत.

कायद्यानं या कणांची दखल घेतली ती मार्च २०२४ मध्ये. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती झाली आणि मायक्रोप्लास्टिकची व्याख्या आली : पाण्यात न विरघळणारा, १ ते १००० मायक्रॉन आकाराचा घन प्लास्टिक कण. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. शास्त्रज्ञांची रेघ पाच मिलिमीटरवर, नियमांची एकावर. मल्चिंगचा तीन मिलिमीटरचा तुकडा प्रयोगशाळेच्या वहीत मायक्रोप्लास्टिक म्हणून चढेल, नियमांच्या वहीत चढणार नाही. दोन-चार उन्हाळे खाऊन त्याच तुकड्याचे डझनभर कण झाले की ते सगळे नियमाखाली येतील. मातीत नवं प्लास्टिक कणभरही पडलेलं नसताना प्रयोगशाळेच्या वहीतला आकडा बारापट होईल. फक्त नग मोजले, वजन पाहिलं नाही, तर ही फसगत ठरलेलीच आहे.

मूठभर माती आणि कोटीचं यंत्र

मातीतलं प्लास्टिक मोजणं किती जिकिरीचं आहे, ते कळल्याशिवाय या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता कशाला हवी, हे ध्यानात येत नाही.

बगीच्यातली माती आणायची, वाळवायची, चाळायची. मग ती मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळून स्थिर होऊ द्यायची. माती तळाशी बसते आणि हलकं प्लास्टिक वर तरंगतं. ठिबकची नळी आणि कलमाची पिशवी पॉलिथिनची असते, ती पाण्यापेक्षाही हलकी. पण ठिबकचा मुख्य पाइप पीव्हीसीचा असतो आणि त्याचा कण मिठाच्या पाण्यातही बुडतो. तो वर आणायचा तर झिंक क्लोराइडचं जड द्रावण लागतं. ते महाग असतं आणि वापरून झालं की टाकायचं कुठे, हाही प्रश्न असतो. वर तरंगून आलेल्यात पालापाचोळा आणि मुळांचे धागे असतात. ते हायड्रोजन पेरॉक्साइडनं जाळायचे, उरलेलं बारीक गाळणीवर घ्यायचं. हे सगळं करताना अंगावर सिंथेटिक कपडा चालत नाही. त्याचेच धागे गाळणीवर पडतात.

गाळणीवर आता शेकडो, कधी हजारो कण असतात. त्यातलं प्लास्टिक कोणतं, हे निव्वळ सूक्ष्मदर्शकातून सांगणं बेभरवशाचं. म्हणून प्रत्येक कणावर अवरक्त किरण किंवा लेसर टाकून त्याचा वर्णपट घेतात आणि तो माहीत असलेल्या वर्णपटांशी ताडून पाहतात. या कामाच्या यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते. एका नमुन्यावर जाणकार माणसाचे तासच्या तास, कधी दिवस जातात. एका तालुक्याचे हजार नमुने काढायचे म्हटले तर हातानं ते होणार नाही.

इथे एआयचा खरा उपयोग आहे. हजारो वर्णपट संगणकाला दाखवून शिकवलं की तो नव्या कणाचा वर्णपट क्षणात ओळखतो. गाळणीच्या फोटोवरून कणांची संख्या, आकार, रंग टिपतो. माणसाचे दिवस मिनिटांवर येतात आणि मोजणी गावपातळीवर नेण्याची शक्यता प्रथमच दिसू लागते. गंगा आणि मेकाँग नद्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ‘काउंटरमेझर’ या प्रकल्पात फोटो आणि मशीन लर्निंग वापरून प्लास्टिक नदीत कुठून शिरतं, हे शोधण्याचा प्रयत्न केला. चीनमध्ये शिनजियांगच्या कापसाच्या शेतांत ड्रोनच्या फोटोंवरून मल्चिंगचे उरलेले तुकडे ओळखण्यावर संशोधन चालू आहे. मात्र फोटोत दिसतं ते डोळ्यांना दिसणारं प्लास्टिक. ड्रोनला सूक्ष्म कण दिसत नाहीत. तसा दावा करून कोणी यंत्र विकायला आला, तर त्याला पुरावा मागायलाच हवा.

कापसाचा धागा आणि काळी पिशवी

दुसरीकडे शिकलेली एआय वऱ्हाडच्या मातीत कुठे चुकेल, हे पाहिल्याशिवाय धोरण करणं घातक आहे. निदान तीन जागा स्पष्ट दिसतात.

पहिली कापसाची. मायक्रोप्लास्टिकमध्ये धाग्यांचं प्रमाण मोठं असतं आणि फोटोत कापसाचा धागा नि पॉलिस्टरचा धागा एकमेकांशी सहज गल्लत करतात. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख आहे. वेचणीपासून जिनिंगपर्यंत इथल्या हवेत आणि मातीत सरकीच्या अंगचा तंतू असतोच. युरोपातल्या नदीच्या पाण्यावर शिकलेल्या यंत्रानं तो प्लास्टिक म्हणून मोजला, तर इथल्या प्रत्येक वावरावर नसलेल्या प्रदूषणाचा शिक्का बसेल.

दुसरी जागा काळ्या रंगाची. ठिबकच्या नळीत उन्हापासून बचाव म्हणून दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास काजळी घातलेली असते. कलमाची पिशवीही काळी. काजळी प्रकाश शोषून घेते. कचरा वेगळा करणाऱ्या कारखान्यांतले निकट-अवरक्त कॅमेरे काळ्या प्लास्टिकपुढे आंधळे होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि लेसरच्या तपासणीतही काजळी अडथळा आणते. म्हणजे या भागात जे प्लास्टिक सर्वांत जास्त, तेच नजरेतून निसटण्याची भीती जास्त.

तिसरी जागा उन्हाची. नव्या कोऱ्या पॉलिथिनचा वर्णपट एक असतो आणि पाच उन्हाळे भाजलेल्याचा दुसरा. उन्हात प्राणवायूशी संयोग होऊन वर्णपटात नवी शिखरं उगवतात. कारखान्यातून आणलेल्या स्वच्छ नमुन्यांवर शिकलेला संगणक धुऱ्यावरच्या जुन्या कागदाला ओळखेलच असं नाही.

यात गणिताचाही एक पेच आहे. उदाहरणच घेऊ. समजा गाळणीवर १००० कण आहेत आणि त्यातले फक्त २० प्लास्टिकचे आहेत. यंत्र शंभरात ९५ वेळा बरोबर उत्तर देतं. म्हणजे २० पैकी १९ कण ते ओळखेल. पण उरलेल्या ९८० पैकी पाच टक्के, म्हणजे ४९ कणांना तेच यंत्र चुकून प्लास्टिक म्हणेल. अहवालात आकडा येईल ६८, खऱ्याच्या तिपटीहून जास्त. ‘९५ टक्के अचूक’ हे शब्द निविदेत वाचताना फार मोठे वाटतात, म्हणून हे गणित निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवं.

मोठ्या संस्थांनाही हा धडा शिकावा लागला आहे. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नासाच्या ‘सिग्नस’ उपग्रहांच्या नोंदींवरून समुद्रातलं मायक्रोप्लास्टिक टिपता येईल, अशी पद्धत मांडली. जिथे लाटांचा खडबडीतपणा अपेक्षेपेक्षा कमी, तिथे कण जास्त, असं ते अनुमान होतं. पुढे त्याच विद्यापीठात पाण्याच्या टाकीत प्रयोग झाले. लाटा शांत होतात त्या मुख्यतः प्लास्टिकसोबत आढळणाऱ्या तेलकट पृष्ठसक्रिय द्रव्यांमुळे, असं त्यांतून दिसलं. त्यांनी ते उघडपणे प्रसिद्ध केलं आणि विज्ञान पुढे गेलं. पण मधल्या काळात त्या नकाशावरून कुणाला दंड झाला असता, तर तो कसा परत करणार होतो?

खऱ्या कॅलिफोर्नियाचा क्रम

ज्या कॅलिफोर्नियाचं नाव आपण कौतुकानं लावतो, त्या राज्यानं याच प्रश्नात काय केलं, ते पाहण्यासारखं आहे.

२०१८ मध्ये तिथल्या विधिमंडळानं कायदा केला आणि पिण्याच्या पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक मोजण्याची जबाबदारी राज्याच्या जल मंडळावर टाकली. मंडळानं लगेच यंत्रं घेतली नाहीत. जून २०२० मध्ये आधी व्याख्या ठरवली. मग मोजण्याच्या पद्धती पारखल्या. सहा देशांतल्या २२ प्रयोगशाळांना, ज्यात किती कण घातलेत हे पाठवणाऱ्यांना आधीच माहीत होतं, असे पाण्याचे नमुने पाठवले आणि कोणाचं उत्तर किती जुळतं ते पाहिलं. मोठ्या कणांचा मेळ चांगला बसला, अगदी बारीक कणांचा बसला नाही. कुठल्या आकारापर्यंतचा आकडा विश्वासाचा, हे असं सगळ्यांसमोर ठरलं. २०२२ मध्ये चार वर्षांच्या तपासणीचा आराखडा मंजूर झाला. आधी व्याख्या, मग पद्धत, मग प्रयोगशाळांची पात्रता आणि शेवटी मोजणी, असा हा क्रम. युरोपीय संघानंही पिण्याच्या पाण्यासाठी सामाईक मोजणी-पद्धत २०२४ मध्ये ठरवली.

आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं २०२४ मध्ये अन्नातल्या सूक्ष्म आणि अतिसूक्ष्म प्लास्टिकसाठी लखनौ, कोची आणि पिलानी इथल्या संस्थांबरोबर प्रकल्प सुरू केला. त्याचं पहिलं उद्दिष्ट खात्रीच्या तपासणी-पद्धती ठरवणं हेच आहे. हा रस्ता बरोबर आहे. शेतमातीसाठी असा प्रकल्प हवा.

घाई का करू नये, याचं एक कारण आरोग्याच्या प्रश्नातही आहे. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेतल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तवाहिनीतल्या साक्यात प्लास्टिकचे कण सापडले, त्यांना पुढच्या काळात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका बराच जास्त दिसला. हे गंभीर आहे. त्याच वेळी, शरीरातली चरबी तापवल्यावर पॉलिथिनसारखीच द्रव्यं बाहेर पडतात, त्यामुळे काही मोजण्या फुगतात, असा आक्षेपही शास्त्रज्ञांनी घेतला आहे. सावधगिरी बाळगायला एवढा पुरावा पुरेसा आहे. कुणाचं फळ बाजारात नाकारण्याएवढा तो पक्का नाही.

आकडा कुणाच्या दारात

समजा यंत्र उत्तम निघालं. त्यानं एका बगीच्याच्या मातीत कण दाखवले. पुढे काय?

जल प्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्याचं कलम २१ सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतं. नोटीस द्यायची, संबंधितासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, डब्यात भरून सील लावायचं, दोघांनी सही करायची. नमुना पुन्हा तपासता यावा, आरोपीला बचाव करता यावा, हा त्यामागचा विचार. नदीत बसवलेल्या कॅमेऱ्यानं दर मिनिटाला केलेल्या निवाड्यात ना दुसरा भाग असतो, ना सील. कंपनीनं संगणकाचा प्रोग्राम रात्री बदलला तर कालचा आणि आजचा आकडा एकाच मापाचा राहत नाही. आणि मातीचं म्हणाल, तर पाणी आणि हवा यांना स्वतंत्र कायदे आहेत, शेतातल्या मातीला नाही. म्हणून एआयचा आकडा इशारा म्हणून वापरावा. तो आला की माणसानं जाऊन नमुना घ्यावा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनं तपासावा, आणि गाळणी व मूळ वर्णपट जपून ठेवावेत. उद्या यंत्र सुधारलं तर जुना नमुना पुन्हा मोजता आला पाहिजे.

दुसरा प्रश्न शेतकऱ्याच्या नावाचा. राज्यात कृषी योजनांसाठी २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. जमीन, पीक, अनुदान त्याला जोडलेलं असतं. मातीतल्या प्लास्टिकचा आकडाही त्याच क्रमांकाला जोडला गेला आणि व्यापाऱ्याच्या किंवा बँकेच्या हाती लागला, तर सौदा करताना भाव पाडायला एक नवं निमित्त मिळेल. आंबिया बहार हातचा गेला की वर्षाचं गणित मोडणाऱ्या घरावर हा बोजा नको. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आधाराला आहे, पण या मोजणीसाठी स्पष्ट नियम हवा : आकडे पाणलोटाचे किंवा गावाचे म्हणून जाहीर व्हावेत, गट क्रमांकासह नव्हे, आणि स्वतःच्या वावराचा आकडा शेतकऱ्याला विनामूल्य मिळावा.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न पैशाचा. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी नावाची व्यवस्था २०२२ पासून लागू आहे. तिच्यानुसार प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यानं तेवढं परत गोळा करण्याची सोय करायची असते. पण ती मुख्यतः पॅकेजिंगसाठी आहे. ठिबकची नळी, मल्चिंगचा कागद, डोळा बांधायची पट्टी ही पॅकेजिंग नाही. त्यामुळे शेतीतल्या प्लास्टिकचा मोठा भाग या जबाबदारीच्या बाहेर राहतो. राज्याच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत नर्सरी आणि शेतीसाठीच्या पिशव्यांना सूट आहे, पण ती कुजून खत होणाऱ्या साहित्यासाठी, तसं छापून. अशा पिशव्या परवडणाऱ्या भावात कोण पुरवणार, हा भाग अधिसूचनेत येत नाही, आणि नर्सरीवाल्याला तर पहिला प्रश्न तोच पडतो.

चीननं या बाबतीत एक गोष्ट नेमकी केली. मल्चिंगचा कागद फार पातळ असला की उचलताना फाटतो आणि मातीत राहतो, म्हणून २०१८ पासून त्याची किमान जाडी ०.००८ मिलिमीटरवरून ०.०१० केली. नियम शेतकऱ्याच्या वावरावर न लावता कारखान्याच्या दारात लावला. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मिठातले कण मोजले, तेव्हा त्याच निबंधात साध्या वाळूच्या गाळणीनं समुद्राच्या पाण्यातलं वजनानं ८५ टक्क्यांहून जास्त मायक्रोप्लास्टिक काढता येतं, हेही दाखवलं. मोजणीला असा उपाय जोडला की तिचा उपयोग होतो.

करायचं काय

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं. कालावधी २०२५ ते २०२९, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. पीक सल्ला, ड्रोन, मालाचा माग ठेवणं, अशा गोष्टींचा त्यात विचार आहे. मातीतल्या प्लास्टिकची मोजणी याच धोरणाखाली घ्यावी, आणि सुरुवात वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातून करावी. त्यासाठी नवं खातं काढायची गरज नाही. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, अमरावतीचं विद्यापीठ, एवढ्या संस्था काही तासांच्या अंतरात आहेत.

पहिलं काम इथल्या प्लास्टिकचं संदर्भ-भांडार करण्याचं. वऱ्हाडच्या उन्हात एक, तीन, पाच वर्षं राहिलेली नळी, पिशवी, पट्टी, कागद, पोतं आणि सोबत कापसाचा तंतू, यांचे वर्णपट नोंदवून ते सगळ्यांना खुले करावेत. त्यावर न पारखलेलं कुठलंही यंत्र सरकारी पैशानं घेऊ नये. दुसरं काम मापाचं. एक मिलिमीटर ते पाच मिलिमीटरचे तुकडेही वेगळ्या रकान्यात मोजावेत, नगांसोबत वजन लिहावं, आणि काळ्या मातीसाठी नमुन्याची खोली ठरवताना भेगांचा विचार करावा. तिसरं काम माणसांचं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची रीत बसवली आहे. मातीचे नमुने घेण्याचं कामही त्यांच्याकडे द्यावं, आणि ते मानधन देऊन. चौथं काम निविदेचं. डेटा राज्याच्या मालकीचा, प्रोग्रामची प्रत्येक आवृत्ती नोंदलेली, चुकीचं प्रमाण त्रयस्थानं तपासलेलं, या अटी करारात आधी लिहाव्यात.

आणि मोजणी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. फळरोपवाटिकांना परवाना देणारा कायदा राज्यात १९६९ पासून आहे. त्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी नर्सऱ्यांकडून वापरलेल्या पिशव्या आणि पट्ट्या परत घेण्याची सोय करता येईल. ठिबकच्या अनुदानातच जुनी नळी परत देणाऱ्याला काही रक्कम ठेवता येईल, आणि त्याचा भार नळी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकता येईल. शेंदूरजनाघाट नगरपरिषदेच्या गोदामात कलमांच्या हंगामात एक संकलन केंद्र उघडायला कुठल्याही उपग्रहाची गरज नाही.

नर्सरीवाल्यांना, बागायतदारांना एवढंच सांगावंसं वाटतं : पट्टी आणि पिशवी वाफ्यात सोडू नका, धुऱ्यावर जाळू नका, एका पोत्यात भरून ठेवा. आणि तुमच्या मातीचा नमुना घ्यायला कोणी यंत्र घेऊन आलं, तर तीन प्रश्न विचारा. हे यंत्र वऱ्हाडच्या मातीवर पारखलंय का? आकडा कुणाकडे जाणार? आणि कण निघाले तर ते साफ करायचा खर्च कोण देणार? तिन्ही उत्तरं लेखी मिळाली की नमुना जरूर द्या. राज्याचं धोरण २०२९ ला संपतं. त्याआधी ही उत्तरं शासनाच्या कागदावर यायला हवीत, आणि ती मागण्याचा पहिला हक्क संत्र्याची कलमं महाराष्ट्रभर पोचवणाऱ्या या गावाचा आहे.